कालची गोष्ट कोणत्या भाषेत?

दिवाळी आली की घरात पाहुणे येतात, चकल्यांचा डबा उघडला जातो, आणि पाहुण्यांपैकी कोणी तरी वडीलधारा माणूस घरातल्या लहान मुलाला जवळ ओढून हमखास एक प्रश्न विचारतो. ‘‘काय रे, सुट्टीत कुठे गेला होतास? काय काय केलंस?’’ प्रश्न साधा आहे, मायेचा आहे. पण माझी वाचकांना विनंती आहे की, यंदा हा प्रश्न विचारल्यावर मुलाच्या चेहऱ्याकडे जरा नीट पाहावे. ते मूल क्षणभर थांबते. आईकडे पाहते. मग ‘‘आम्ही ना, ट्रिपला गेलेलो, तिकडे खूप एन्जॉय केलं’’ एवढे पुटपुटून एक तर पळ काढते, नाही तर उरलेली हकीकत सरळ इंग्रजीत सांगून टाकते. आणि आपण सारी मंडळी काय करतो? चकलीचा तुकडा मोडता मोडता कौतुकाने माना डोलावतो!

मला जे म्हणायचे आहे ते आरंभीच सांगून मोकळा होतो. भाषेतली गाणी बंद पडली म्हणजे भाषा मेली असे लोक समजतात. तसे नाही. माणूस आपली कालची गोष्ट ज्या दिवशी तिच्यात सांगेनासा होतो, त्या दिवशी ती मरते. गाणी त्यानंतरही पुष्कळ दिवस वाजत राहतात. आणि या मरणाला हातभार लावणाऱ्यांत एक गुन्हेगार मी स्वतः आहे.

मी काही मोठा शिकलेला माणूस नाही. मॅट्रिक झालो आणि तिथेच थांबलो. चार कादंबऱ्या लिहिल्या. पण पोट चालते ते मास्तरकीवर. भिवंडीत धामणकर नाक्याजवळ एका लहानशा खासगी शाळेत मी मुलांना मराठी शिकवतो. नाक्यावर दहा मिनिटे उभे राहिलात तर दहा भाषा कानांवर पडतील. मागांवर काम करणाऱ्यांची उत्तरेकडची हिंदी, शेजारच्या पद्मानगरातल्या विणकरांची तेलुगू, कापडाच्या व्यापाऱ्यांची गुजराती आणि मारवाडी, मोहल्ल्यांतली उर्दू, आणि या सगळ्यांना पुरून उरलेला यंत्रमागांचा खडखडाट. या गलबल्यात कान देऊन ऐकले तर कामतघरच्या आणि खाडीकाठच्या गावांची आगरीही ऐकू येते. पाड्यांवरून मजुरीला आलेल्या वारली-कातकरी बायका आपसांत बोलतात ती बोली मात्र रिक्षावाल्याशी भाडे ठरवताना पदराआड जाते.

आमच्या घरची बोली आगरी. गाडीला आम्ही ‘गारी’ म्हणतो, पाण्याला ‘पानी’, आंघोळीला ‘आंघोल’. आणि कुठे ‘गेलो होतो’ असे सांगायचे झाले तर ‘गेल्तो’ म्हणतो. माझी आजी बैलगाडीतून वज्रेश्वरीच्या चैत्री जत्रेला जाऊन आल्याची हकीकत सांगे, ती याच बोलीत. अंबाडीच्या वाटेवरची धूळ, तानसेच्या काठचे ऊन पाण्याचे कुंड, आणि कुंडात पाय बुडवताच तिच्या सासूने मारलेली किंकाळी. आज मी कादंबऱ्या लिहितो, पण ती किंकाळी मला एकाही पुस्तकात उतरवता आलेली नाही. कारण शाळेत एका गुरुजींनी मला वर्गासमोर उभे करून ‘गारी नव्हे, गाडी’ असे वीस वेळा म्हणायला लावले, आणि मी ते चांगले शिकलो. इतके चांगले शिकलो की पुढे स्वतः गुरुजी होऊन तेच करू लागलो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गाला मी निबंध घातला, ‘मी केलेली सहल’. शिकवण्याचा धंदा करणाऱ्याला हा विषय पाठच असतो, आणि त्याची उत्तरेही पाठ असतात. आमच्याच समाजातल्या एका मुलाने महाबळेश्वरची सहल लिहिली. निसर्गाच्या कुशीत तो रमला होता, सूर्यास्त पाहून त्याच्या डोळ्यांचे पारणे फिटले होते, आणि परतताना त्याचे पाय जड झाले होते. एकही चूक नव्हती. मी त्याला दहापैकी आठ गुण दिले. या मुलाने महाबळेश्वर जन्मात पाहिलेले नाही, हे मला पक्के ठाऊक होते!

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत हाच पोरगा व्हरांड्याच्या टोकाला पाच-सहा जणांच्या घोळक्यात काही सांगत होता. ‘‘राती आमी खारीवर गेल्तो,’’ अशी सुरुवात मी ऐकली आणि भिंतीआड थांबलो. तो मामाबरोबर काशेळीच्या खाडीवर चिंबोऱ्या धरायला गेला होता. बॅटरीच्या उजेडात चिखल कसा चकाकतो, पाय रुतला तेव्हा मामाने त्याला दंडाला धरून कसे उपटून काढले, टोपलीत टाकलेल्या चिंबोरीने अंगठा कसा धरला आणि ओरडलो तर बाकीच्या पळतील म्हणून त्याने ओठ कसे आवळून धरले, हे सारे त्याने हातवारे करून सांगितले. ऐकणाऱ्यांपैकी एकाने डब्यातला घास हातात तसाच धरून ठेवला होता. मी कादंबरीकार म्हणवतो. तसा ऐकणारा मला अजून मिळालेला नाही.

मी पुढे झालो. विचारले, ‘‘अरे, हे का नाही लिहिलंस?’’

तो चपापला. मग खाली पाहत म्हणाला, ‘‘सर, ती काय सहल नाय. आनि आमचे भाषेन लिवला तं तुमी काटता.’’

घरी जाऊन मी त्याची जुनी वही काढली. पहिल्या निबंधात त्याने वज्रेश्वरीच्या जत्रेची हकीकत लिहिली होती. ‘गेल्तो’खाली तांबडी रेघ. ‘गारी’खाली रेघ. ‘कुंडाचा पानी गरम होता’ या वाक्याखाली तर दोन रेघा. खाली शेरा, ‘भाषा सुधारावी’, आणि गुण तीन. अक्षर माझेच होते. मुलाने भाषा सुधारली होती, आणि त्यापायी स्वतःचा काल सोडून दुसऱ्याचा काल उसना आणला होता.

आता कोणी म्हणेल की, भूतकाळाचेच एवढे अवडंबर कशाला? कारण मराठीची खरी परीक्षा तिथेच आहे. उद्या मी आंबा खाईन, पोळी खाईन, केळे खाईन. क्रियापद जागचे हलत नाही. पण काल मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले! काल म्हटले की प्रत्येक वस्तूचे लिंग ठाऊक असावे लागते, ‘मी गेलो’ आणि ‘मी पाहिले’ यांतला भेद अंगात मुरलेला असावा लागतो. हे पुस्तकातून येत नाही, घरातून येते. म्हणून ज्याचे घरातले मराठी आटत चालले आहे ते मूल ‘उद्या’पर्यंत निभावून नेते आणि ‘काल’पाशी अडखळते. त्याच्या ‘एन्जॉय केलं’चे रहस्य हेच आहे. इंग्रजी शब्दाला ‘केलं’ चिकटवले की लिंगाची कटकट मिटते, आणि हकीकतही मिटते.

आगरीचा हिशेब थोडा निराळा आहे. आमचा ‘पानी गरम होता’. वही तपासणारा याला चूक म्हणतो. पण जी चूक लाखो माणसे पिढ्यान्‌पिढ्या न चुकता एकसारखीच करतात, तिला व्याकरणात नियम असे नाव आहे.

या सगळ्या विचारात असतानाच एका कोळ्याची हकीकत माझ्या वाचनात आली. कोळी आपल्याकडचा नव्हे, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलचा. नाव विल्यम बोडिनार, गाव माउझल. तिथली जुनी भाषा कॉर्निश. इंग्रजीशी तिचे नाते दूरचे, वेल्श आणि ब्रेटन या तिच्या सख्ख्या बहिणी. इंग्रजीच्या रेट्याखाली ती गावोगाव मागे हटत समुद्रापर्यंत आली होती. डेन्स बॅरिंग्टन नावाचा एक न्यायाधीश तिच्या शोधात होता. १७६८ साली तो माउझलला गेला, तेव्हा डॉली पेंट्रीथ नावाच्या एका वृद्ध मासळीविक्या बाईने त्याला त्या भाषेत तोंडभर शिव्या दिल्या. ही डॉली १७७७ साली वारली, आणि कॉर्निश बोलणारी शेवटची व्यक्ती म्हणून लोक तिचे नाव घेऊ लागले.

पण डॉली जिवंत असतानाच, जुलै १७७६ मध्ये, बोडिनारने बॅरिंग्टनला कॉर्निशमध्ये एक पत्र लिहिले. लहानसे पत्र आहे. त्यात त्याने आपल्या भाषेची थोरवी गायिलेली नाही, तिच्यातले एखादे सुभाषितही दिलेले नाही. त्याने आपली कालची गोष्ट सांगितली आहे. माझे वय पासष्ट, मी गरीब मासेमार. पोरवयात बापाबरोबर आणि आणखी पाच जणांबरोबर होडीतून समुद्रावर जात असे. आठवडा आठवडा त्या होडीत इंग्रजीचा एक शब्द कानांवर पडत नसे. कॉर्निश पुस्तक मी कधी पाहिलेले नाही. म्हाताऱ्या माणसांबरोबर समुद्रावर जाऊन मी ही भाषा शिकलो. आता गावात ती बोलणारे चार-पाचच उरले आहेत, तेही ऐंशीच्या घरातले. पोरे सारी विसरली. पत्राचा मतलब एवढाच.

वाचकहो, हे वाचले आणि मला काशेळीच्या खाडीवरचा तो मामा आणि तो भाचा दिसला. बोडिनारची शाळा होडीत होती, माझ्या विद्यार्थ्याची चिखलात आहे. फरक इतकाच की बोडिनारच्या होडीवर तांबडी शाई घेऊन कोणी मास्तर बसलेला नव्हता.

पुढे काय झाले तेही ऐका. १८६० साली नेपोलियनच्या एका पुतण्याने, लुई ल्यूसियँ बोनापार्टने, डॉलीच्या नावाचा दगड पॉल गावच्या चर्चच्या भिंतीत बसवला. भाषा गेली, दगड आला. नंतर १९०४ साली हेन्री जेनर नावाच्या गृहस्थाने कॉर्निश शिकवणारे पुस्तक लिहिले आणि तिला पुन्हा उठवण्याची खटपट सुरू झाली. पिढ्या खपल्या. २०१० साली युनेस्कोने तिच्यावरचा ‘मृत’ हा शिक्का काढला. २०११ च्या शिरगणतीत ती आपली मुख्य भाषा म्हणून सांगणारे साडेपाचशेच्या आसपास निघाले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांची मेहनत आणि पदरात साडेपाचशे! मी त्या माणसांना हसत नाही, त्यांना हात जोडतो. पण जरा विचार करा. ‘काल मी समुद्रावर गेलो होतो’ हे वाक्य बोडिनार बापाच्या शेजारी बसून फुकट शिकला, आणि आज त्याच्या गावच्या माणसाला ते वर्गात बसून, कोश उघडून, प्रत्यय पाठ करून शिकावे लागते. आपल्यालाही त्याच वाटेने जायचे आहे काय?

भाषेची नाडी भूतकाळात सापडते, हे निदान त्या ग्रियर्सनसाहेबाला कळले होते. हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी करताना त्याने बोलीबोलीतून एकच गोष्ट भाषांतर करून मागवली, घरातून वाटा घेऊन दूरदेशी गेलेल्या आणि सारे उधळून परत आलेल्या मुलाची. तिच्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे येतात, बहुतेक विभक्ती येतात, तिन्ही काळ येतात, असे कारण त्याने दिले आहे. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला, आणि त्यात ठाणे-कुलाब्याकडच्या आगरी, कोळी, ठाकरी अशा बोलींचीही दखल आहे. परक्या सरकारच्या नोकराने आमच्या बोलीला ‘तू गेलास कुठे आणि केलेस काय’ हा प्रश्न विचारला आणि उत्तर जसेच्या तसे टिपून घेतले. आम्ही तिच्या लेकरांना तोच प्रश्न विचारतो आणि उत्तराखाली रेघ मारतो!

ही खोड आमच्या हाडांतच आहे. वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत भटकून आले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला तेव्हा वैद्यांनी तिच्यावर बराच हात फिरवला होता. भटजींच्या मूळ लिखाणाबरहुकूम पुस्तक यायला १९६६ साल उजाडले. ते दत्तो वामन पोतदारांनी काढले. वैद्यांचे उपकार मोठेच, त्यांच्यामुळे ती हकीकत आपल्यापर्यंत आली. पण झाशी डोळ्यांनी पाहून आलेल्या वेदमूर्तींनाही जिथे आपला काल आपल्या शब्दांत सांगण्यासाठी साठ वर्षे ताटकळावे लागले, तिथे आमच्या आगऱ्याच्या पोराची काय कथा!

‘‘पण आगरी तर जोरात आहे, हळदीला सगळीकडे आगरी गाणी वाजतात,’’ असे मला सांगतात. वाजतात खरी. सबंध ठाणे जिल्हा त्यांवर नाचतो. मोबाईलवर आगरी नकलाही लाखो लोक पाहतात आणि पोट धरून हसतात. पण त्याच हळदीच्या मांडवात चिल्यापिल्यांना विचारा, ‘‘काल शाळेत काय झालं?’’ उत्तर आगरीत येते का पाहा. नाचण्यापुरती आगरी, हसण्यापुरती आगरी, आणि मनातले सांगायला दुसरी भाषा, याला जोर म्हणत नाहीत. ज्या बोलीत फक्त विनोद होतो आणि कोणी आपले दुःख सांगत नाही, तिची तिरडी बांधायला घेतली आहे असे समजावे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप पालकांचा. ‘‘मास्तर, गेल्तो-आल्तो करत बसलं तर पोराला नोकरी कोण देणार?’’ या प्रश्नाला हसण्यात अर्थ नाही. जमिनी गोदामांखाली गेल्या, मिठागरे बुजली; पोराच्या हाताला काम हवे आणि कामाला प्रमाण भाषा हवी. मी स्वतः तिच्याच बळावर भाकरी खातो, हा लेखही तिच्यातच लिहिला आहे. प्रमाण भाषा शिकवू नका असे मी म्हणतच नाही. मी म्हणतो, आधी पोराला त्याची गोष्ट त्याच्या तोंडाने पुरी सांगू द्या, मग तीच गोष्ट प्रमाण मराठीत कशी लिहायची ते शिकवा. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे तो दुसरी भाषा झपाट्याने उचलतो. ज्याची गोष्टच कापली गेली, त्याच्या हाती निसर्गाची कूस आणि डोळ्यांचे पारणे एवढेच उरते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. ‘‘सरकार काय म्हणेल?’’ सरकारचे २०२० चे शैक्षणिक धोरण म्हणते की, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेत शिकवावे. तेव्हा सरकारच्या नावाने आपला आळस झाकू नये. वर्गात बोली येऊ दिली की मास्तरला ती ऐकावी लागते, तीही एक नव्हे, चार-पाच. अडचण खरी तिथे आहे. माझ्या वर्गात आगरी आहे, तेलुगू आहे, उर्दू आहे. मला तेलुगूचे ओ की ठो कळत नाही. पण गोष्ट सांगताना मुलाचा चेहरा जिवंत आहे की नाही एवढे कळायला तेलुगू यावी लागत नाही.

तिसरा आक्षेप कोणी तोंडाने काढत नाही, पण सगळ्यांच्या नजरेत असतो. बोली गावंढळ आहे! हा आक्षेप घेणाऱ्या सुशिक्षित मराठी मंडळींना मला स्पष्टच सांगायचे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा आपण पेढे वाटले. मीही एक खाल्ला. मराठीच्या नावाने आपण सभा घेतो, पाट्यांवरून भांडतो. आणि आपली नातवंडे सुट्टीतल्या महाबळेश्वरची हकीकत आपल्याला इंग्रजीत सांगतात! मी ज्या नजरेने ‘गेल्तो’कडे पाहिले, त्याच नजरेने आज इंग्रजी तुमच्या ‘गेलो होतो’कडे पाहत आहे. तुम्ही आम्हांला गावंढळ ठरवलेत. तुमच्या नातवंडांची शाळा तुम्हांला ठरवते आहे. अभिजातपणाचा लेख छान आहे, पण डॉली पेंट्रीथच्या नावाचा दगडही काही वाईट नव्हता.

त्या दिवसानंतर मी काय केले ते सांगतो, म्हणजे नुसता उपदेश केल्यासारखे व्हायला नको. दर सोमवारी पहिल्या तासाची वीस मिनिटे मी मुलांना रविवारी काय केले ते सांगायला लावतो, घरच्या बोलीत. तेवढा वेळ हातात पेन धरत नाही. मग तीच हकीकत ती प्रमाण मराठीत लिहितात आणि तिथे मी शुद्धलेखनाला सूट देत नाही. सगळे सुरळीत चालले आहे असे नाही. एका पालकाने मुलाचे नाव काढून घेतले. ‘‘घरचंच बोलायचं तर फी कशाला भरू?’’ असे ते म्हणाले. आणि एका सोमवारी वीटभट्टीवरून आलेली एक कातकरी मुलगी उभी राहिली, वर्गाकडे पाहिले आणि एक शब्दही न बोलता खाली बसली. पुढच्या सोमवारीही तसेच. तिच्या बोलीला इतक्या लोकांसमोर कधी कोणी उभेच केलेले नव्हते. भट्टीचा हंगाम संपला आणि तिचे बिऱ्हाड हलले. तिने रविवारी काय केले होते ते मला अजून कळलेले नाही, आणि माझ्या मनाला ते सलते.

तेव्हा यंदाच्या फराळाला एवढे करा. मुलाला तो प्रश्न जरूर विचारा, पण उत्तराची घाई करू नका. ते अडखळले, ‘पोळी खाल्ला’ म्हणाले, तर हसू नका आणि मधेच तोडू नका. त्याला आधी तुमचा काल ऐकवा. तुमच्या आईच्या, तुमच्या गावच्या बोलीत, जशी असेल तशी. आणि घरात आजी असेल तर तिला विचारा, ‘‘आजी, तू जत्रेला कशी गेली होतीस?’’ मुलाला शेजारी बसवा. आजी ‘गारी’ म्हणाली तर ‘गाडी’ म्हणून सुधारू नका. माझ्या आजीला मी एकदा सुधारले होते. ती हसली, आणि त्यानंतर तिने ती गोष्ट मला पुन्हा कधी सांगितली नाही.